लिफ्टपाशी उभा राहिलेला मुलगा

मागच्या अंकात एका उत्तरात सहज लिहून गेलो होतो की सुपरहिरोची ओरिजिन स्टोरी, म्हणजे तो मुळात हिरो झाला कसा ती गोष्ट, मला पुढच्या सगळ्या मारामाऱ्यांपेक्षा जास्त आवडते. त्यावर एवढे प्रश्न आले की या वेळचं अख्खं सदर त्यालाच देतोय. बऱ्याच जणांनी नाव छापू नका असं कळवलंय म्हणून सगळ्यांचीच नावं गाळली, गावं तेवढी ठेवली.

प्रश्न : मी अकरावीत आहे आणि स्वतःचं कॉमिक काढतोय. माझा हिरो तेरेखोल नदीत होडीवर असताना वीज पडते आणि त्याच्या अंगात करंट येतो. बारा पानं झाली, त्यातली चार नुसती वीज पडायची. चित्रं सगळ्यांना आवडली पण मित्र म्हणतात वाचताना बोअर होतं. काय चुकतंय? (पेडणे)

अरे, पानांचे फोटो पाठवलेस ते बरं केलंस, मी दोनदा बघितले. होडीच्या कडेला अडकलेलं जाळं आणि त्या जाळ्यातून जांभळा उजेड धावतोय ते पान तर फारच जमलंय. मित्र बोअर म्हणतायत ते चित्रांना नाही. बारा पानं वाचून तुझ्या हिरोबद्दल मला एवढंच कळलं की त्याच्यावर वीज पडली. भर पावसात तो एकटा होडी घेऊन का गेला, होडी कोणाची, घरी कोण वाट बघतंय, त्याला कशाची चीड येते, यातलं काहीच नाही. वीज काय कोणावरही पडेल, ती या मुलावर पडली म्हणून मला काळजी वाटायला हवी ना, त्यासाठी तो मुलगा मला आधी माहीत पाहिजे.

आता स्पायडर-मॅनची पहिली गोष्ट घे. ऑगस्ट १९६२ चा अमेझिंग फँटसीचा पंधरावा अंक, स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांचा, आणि गोष्ट फक्त अकरा पानांची. पीटर पार्कर नावाच्या शाळकरी मुलाला कोळी चावतो आणि शक्ती येते तो भाग दोन-चार चौकटींत उरकलाय. मग पीटर काय करतो, तर पैसे कमवायला निघतो, कुस्तीच्या रिंगणात उतरतो, तोंडावर मास्क चढवून टीव्हीवर जातो, म्हणजे आपल्यातल्या कुठल्याही मुलाने जे केलं असतं तेच. आणि मग ती लिफ्टची जागा येते. चोर पळत येतोय, मागून पोलीस ओरडतोय की थांबव त्याला, पीटर तिथेच उभा आहे आणि तो हलत नाही, लिफ्टचं दार बंद होतं आणि चोर निसटतो. पोलीस त्याला म्हणतो की अरे नुसता पाय आडवा घातला असतास तरी चाललं असतं, त्यावर पीटरचं उत्तर असं की ते तुमचं काम, मी आता फक्त माझं बघणार.

एवढंच घडतं तिथे. आणि गंमत बघ, वाचताना आपल्याला ते चूक वाटत पण नाही, कारण आधीच्या पानांवर वर्गातली मुलं त्याला हिणवत असतात आणि आता त्याचे दिवस आलेत म्हणून आपण पूर्ण त्याच्या बाजूचे झालेलो असतो. पुढे त्याला वाढवणाऱ्या काकाचा खून होतो, खुनी एका गोदामात लपतो, पीटर त्याला गाठतो, त्याची टोपी पडते, चेहरा दिसतो आणि तो लिफ्टमधलाच चोर असतो. मी ही गोष्ट किती वेळा वाचली असेन, पण टोपी पडते तिथे अजून पोटात गोळा येतो, कारण त्याच्याबरोबर मी पण त्या लिफ्टपाशी गप्प उभा होतो ना.

अजून एक सांगतो. मोठ्या शक्तीबरोबर मोठी जबाबदारीही येते, हे गाजलेलं वाक्य काकाने पीटरला सांगितलं असं सगळे धरून चालतात, पण या पहिल्या अंकात ते काकाच्या तोंडी नाहीच, अगदी शेवटच्या चौकटीत निवेदकाच्या ओळीत आहे. मला ते फार बरोबर वाटतं. काकाने आधीच समोर बसवून उपदेश केला असता तर ती शाळेतल्या प्रार्थनेनंतरची सूचना झाली असती. इथे समजावणारा माणूसच गेलेला आहे, पोराला एकट्याला ते कळतंय.

आणि पानांचं म्हणशील तर सुपरमॅन बघ, जून १९३८ चा ॲक्शन कॉमिक्सचा पहिला अंक, जेरी सीगल आणि जो शुस्टर. त्यात सगळी जन्मकथा एका पानात आहे. ग्रह नष्ट होतो, बाप तान्ह्या पोराला यानात घालून पाठवतो, पोर पृथ्वीवर पोचतं, मोठं होतं, ताकद लोकांच्या कामाला लावायचं ठरवतं. त्याच पानावर खाली त्याच्या ताकदीचा हिशोब पण दिलाय, मुंगी आपल्या वजनाच्या कितीतरी पट ओझं उचलते आणि नाकतोडा केवढी उडी मारतो मग हा का नाही मारणार, असा. खलास, लगेच पुढच्या पानापासून धावपळ सुरू. तू पेडण्याचा, दशावतार बघत मोठा झाला असशील, तिथे राजा रंगमंचावर येतो, आपण कोण ते दोन वाक्यांत सांगतो, आणि पेटीवाल्याने सूर धरायच्या आत भांडण लागलेलं असतं, अगदी तसंच.

तर असं कर, चार पानांची वीज एका पानात बसव, ते जाळ्याचं पान ठेव, बाकीची काढ, वाईट वाटेल पण काढ. मोकळ्या झालेल्या तीन पानांत ती होडी कोणाची ते सांग. समजा मामाची आहे आणि याने न विचारता नेली. वीज पडली, होडी जळाली, ऐन सीझनच्या तोंडावर मामा हातावर हात ठेवून घरी बसला. आता हा पोरगा हाताने दिवे लावू शकतो पण मामाच्या घरावरून जाताना मान वर करू शकत नाही. हे असं असेल तर दुसरा अंक मी स्वतः विकत घेईन.

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा, बॅटमॅनचं वेड आहे. परवा झोपताना विचारतो, आई, हिरो व्हायला आई-बाबांना मरावंच लागतं का? मला उत्तर सुचेना. असल्या गोष्टी त्याला वाचू द्याव्यात का? (फोंडा)

ताई, त्याने हे तुम्हाला विचारलं यातच सगळं आलं, तो नीट वाचतोय. वाचू द्या, फक्त सुरुवातीला शेजारी बसा.

बॅटमॅन आला मे १९३९ मध्ये, डिटेक्टिव्ह कॉमिक्सच्या सत्ताविसाव्या अंकात, आणि तेव्हा त्याला ओरिजिन नव्हतीच. ती आली सहा महिन्यांनी नोव्हेंबरमध्ये, तेहतिसाव्या अंकात, जेमतेम दोन पानांची. रस्त्यावर लुटारू येतो, मुलाच्या डोळ्यांदेखत आई-वडील जातात. पण तुम्ही त्याच्या पुढची चौकट बघा, तीच मुलाला दाखवा. रात्र आहे, मेणबत्ती जळतेय, लहान मुलगा पलंगापाशी गुडघ्यावर बसलाय आणि हात जोडून शपथ घेतोय की आता सगळं आयुष्य गुन्हेगारांशी लढणार. किती लहान आहे तो, पलंगाच्या काठाएवढा. आणि त्यानंतर सरळ वर्षं जातात, तो शास्त्र शिकतो, अंग कमावतो, मग कुठे एका रात्री खिडकीतून वटवाघूळ आत येतं. म्हणजे दुःख एका क्षणाचं आणि त्याच्यामागचा अभ्यास पंधरा-वीस वर्षांचा. आई-वडील गेल्याने तो हिरो झाला असं नाही हो, त्या रात्री मेणबत्तीपाशी जे बोलला ते त्याने मोठेपणी पण पाळलं म्हणून झाला.

नंतरच्या कितीतरी लेखकांनी यातला फक्त मृत्यू उचलला, शपथ आणि मेहनत सोडून दिली, आणि मग प्रत्येक हिरोच्या घरात कोणीतरी मारून टाकायचं, पहिल्या पानावर, वाचकाला त्या माणसाचं नाव पण धड कळायच्या आत. मला त्याचा खरंच राग येतो. मेलेली आई ही गोष्टीतली सोय नसते.

मुलाला सांगा, अजिबात मरावं लागत नाही. मे १९६२ मध्ये हल्क आला, त्यात डॉ. ब्रूस बॅनर बॉम्बच्या चाचणीच्या जागी पैजेपायी घुसलेल्या एका पोराला खंदकात ढकलून वाचवतो आणि किरणांचा मारा स्वतःवर घेतो, तिथून सगळं सुरू होतं. आणि २०१४ मध्ये स्वतःचं मासिक मिळालेली मिस मार्व्हल, म्हणजे कमला खान, जर्सी सिटीतल्या पाकिस्तानी घरातली मुलगी, तिची आई आहे, अब्बू आहेत, भाऊ आहे, सगळे धडधाकट आणि सगळे तिच्या मागे की रात्री कुठे गेली होतीस. शक्ती येऊनही घरी वेळेवर परत यायचं टेन्शन, हे तुमच्या मुलाला लगेच कळेल.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. लहानपणी इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ मराठीतून वाचायचो. बाकी कथानकं विसरलो, पण कवटीवर हात ठेवून घेतलेली शपथ आजही आठवते. असं का? आणि आमच्या गावच्या वेताळाशी त्याचं काही नातं? (डिचोली)

गुरुजी, तुमचं पत्र वाचून मी माळ्यावरचा खोका खाली काढला. माझ्याकडचे जुने इंद्रजाल सगळे म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जमवलेले, सुक्या मासळीच्या रांगेच्या पलीकडे एकजण रद्दी घेऊन बसायचा त्याच्याकडून, अजून पानं उघडली की तो वास येतो असं मला वाटतं, घरचे म्हणतात काही नाही येत.

ली फॉकने हा फँटम फेब्रुवारी १९३६ मध्ये अमेरिकन वर्तमानपत्रांसाठी आणला, आणि आपल्याकडे १९६४ पासून इंद्रजालमधून तो वेताळ होऊन आला. त्याची मूळकथा अशी की १५३६ साली चाच्यांनी जहाजावर हल्ला केला, बाप मारला गेला, मुलगा एकटा वाहत किनाऱ्याला लागला. तिथल्या जंगलातल्या ठेंगण्या माणसांनी त्याला जगवलं. पुढे बापाच्या खुन्याची कवटी समोर ठेवून त्याने शपथ घेतली की चाचेगिरी, क्रौर्य आणि अन्यायाशी मी लढेन आणि माझ्यामागून माझी मुलं लढतील. (१५३६ म्हणजे गोव्यातली तिसवाडी पोर्तुगीजांच्या ताब्यात जाऊन २६ वर्षं झालेली, मी लहानपणी हा हिशोब करून उगाच मांडवीच्या मुखाकडे बघत बसायचो की ते जहाज इथूनच गेलं असेल.)

आता तुम्हाला ती शपथ का आठवते? मला वाटतं कारण ती एकदा होऊन संपत नाही. बाप गेला की मुलगा त्याच गुहेत, त्याच कवटीसमोर तेच शब्द म्हणतो आणि तोच वेष चढवतो, असे एकवीस झाले, आणि बाहेरच्या लोकांना वाटतं की हा एकच माणूस चारशे वर्षं मरतच नाही. बाकी हिरोंची ओरिजिन मागे घडून गेलेली असते, वेताळाची दर पिढीला नव्याने घडते. आपल्याकडे देवळात मानकऱ्याच्या घरातला पुढचा मुलगा पहिल्यांदा पुढे होतो तेव्हा सगळा गाव कसा गप्प उभा राहून बघतो, तुम्ही बघितलं असेलच.

नातं म्हणाल तर रक्ताचं काही नाही, नाव आपल्याकडच्यांनी दिलं, पण देणाऱ्याने विचार करून दिलंय. आमोण्याचा वेताळ तुमच्या तालुक्यातलाच, शिवाय प्रियोळला आहे, लोलयेला आहे. लोक मानतात की तो रात्री गावाची राखण करत फिरतो, फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून त्याला नव्या वहाणा वाहायच्या. मला विचाराल तर त्या झिजलेल्या वहाणा कुठल्याही कॉमिकच्या पहिल्या पानावर शोभतील. देव दिसत नाही, मारामारी दिसत नाही, फक्त तळ झिजलेला दिसतो आणि आपल्याला कळतं की आपण झोपलो होतो तेव्हा कोणीतरी जागं होतं.

प्रश्न : खलनायकाला पण ओरिजिन हवी का? मग त्याची दया नाही का येणार? (म्हापसा)

येऊ दे की. मॅग्नेटो १९६३ मध्ये एक्स-मेनच्या पहिल्या अंकात आला तेव्हा नुसता जग जिंकायला निघालेला माणूस होता, ठीक होता, लक्षात राहण्यासारखं फारसं काही नव्हतं. १९८१ मध्ये दीडशेव्या अंकात ख्रिस क्लेअरमाँटने त्याचं लहानपण ऑश्विट्झच्या छळछावणीत नेलं आणि सगळं पात्रच फिरलं. आता तो म्हणतो की बहुसंख्य लोक आमच्या म्युटंट, म्हणजे जन्मतःच शक्ती असलेल्यांच्या, जातीला संपवतील तेव्हा तो वेडा वाटत नाही, त्याने ते घडताना बघितलंय. करतो ते चूकच आहे, पण समोर उभं राहून त्याला चूक म्हणणं हिरोला जड जातं, आणि ते जड गेलं पाहिजे.

आपल्याकडे दिवाळीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यावर नरकासुर उभे राहतात, पोरं पंधरा दिवस खपून गवत भरतात, कागद चिकटवतात, डोळे रंगवतात आणि पहाटे जाळतात. तो भूदेवीचा मुलगा. पृथ्वीचा मुलगा असून पृथ्वीला नकोसा झालेला. डोळे रंगवणाऱ्या पोराला हे माहीत असेल तर ते डोळे वेगळे होतील असं मला नेहमी वाटतं.

प्रश्न : प्रत्येक हिरोला ओरिजिन पाहिजेच का? (मडगाव)

नाही. वुल्व्हरिन १९७४ मध्ये आला आणि त्याच्या लहानपणाची सविस्तर गोष्ट २००१ मध्ये आली, मधली सत्तावीस वर्षं लोकांनी त्याला तसाच डोक्यावर घेतला, त्याला स्वतःलाच आपलं काही आठवत नाही हीच त्याची गोष्ट होती. माझं मत विचाराल तर आठवलं नसतं तरी चाललं असतं.

प्रश्न : हे सगळं अमेरिकेतलं झालं. आपल्या पुराणात अशी एखादी ओरिजिन सांगा जी कॉमिकवाल्यांना पण सुचली नाही. (साखळी)

हनुमान. जन्म, सूर्याला फळ समजून झेप, ते सगळ्यांना पाठ आहे, ते नाही म्हणत मी. लहानपणीच्या खोड्यांमुळे ऋषींचा शाप लागतो आणि तो आपली शक्ती विसरतो, मग पुढे समुद्राच्या काठावर सगळे वानर हताश बसलेत, लंका पलीकडे, जो तो आपण किती योजनं उडी मारू शकतो ते सांगतोय, आणि हनुमान एका बाजूला गप्प बसलाय. म्हातारा जांबवंत उठतो, त्याच्याकडे जातो आणि तू कोण आहेस ते त्याला सांगतो. त्यानंतर तो वाढतो. शक्ती नवीन मिळत नाही, होतीच, फक्त कोणीतरी येऊन आठवण करून द्यावी लागली, आणि ती पण सगळ्यांसमोर, नेमकी गरज होती तेव्हा. मी चित्रकलेच्या वर्गात मागच्या बाकावर गप्प बसलेलं पोर बघतो तेव्हा हा जांबवंत मला हटकून आठवतो. कोणी तरुणाने कॉमिकमध्ये हा प्रसंग जांबवंताच्या बाजूने काढावा, त्याला इतका वेळ माहीत होतं आणि तो कशासाठी थांबला होता.

प्रश्न : मी पाचवीत आहे. माझ्या गोष्टीतल्या हिरोईनला शक्ती नाही. ती पुरात पूल ओलांडून आजीची औषधं आणते. दादा म्हणतो मग ती सुपरहिरो नाहीच. सोबत चित्र पाठवलंय. (वाळपई)

बाय, दादाला सुपर कमांडो ध्रुव वाचायला दे. १९८७ मध्ये राज कॉमिक्समध्ये अनुपम सिन्हांनी त्याला आणलं. सर्कशीतला मुलगा, आई-वडील झुल्यावर कसरती करायचे, त्यांचा हेवा करणाऱ्या लोकांनी सर्कशीला आग लावली. त्याच्याकडे कसलीही जादू नाही, सर्कशीत वाढला म्हणून मोटरसायकल येते, प्राण्यांची भाषा कळते, डोकं चालतं. आणि आबिद सुरतींचा बहादुर, १९७६ मध्ये इंद्रजालमध्ये आलेला, त्याच्याकडे पण काही नाही. तो डाकूचा मुलगा, आणि ज्या पोलीस अधिकाऱ्याच्या गोळीने बाप गेला त्यानेच त्याला घरी नेऊन वाढवलं. सूड घ्यायचा म्हणून मोठा झाला आणि मग त्याच माणसासारखं व्हायचं ठरवलं. दादाला विचार, यात शक्ती कुठे आहे.

आता तुझ्या चित्राबद्दल. पाऊस छान आलाय, पूल पण छान, औषधांची पिशवी तिने डोक्यावर धरलीय ते तर मला फारच आवडलं. दोन गोष्टी वाढव. ती पुलाच्या मध्यावर एकदा थांबली असेल, पाणी बघून मागे वळली पण असेल, ती एक चौकट काढ, त्यात बोलण्याचा फुगा नको. दुसरं, तिचे पाय तू पाण्यात लपवलेस. पाय काढायला अवघड जातात, मोठ्यांना पण जातात, तरी काढ. मला बघायचंय तिने चप्पल घातलीय का, आणि एखादी वाहून गेली असेल तर तो पाय अनवाणी दाखव.